पंप घेऊ की सेमी? सोलापूरच्या माळावरचा प्रश्न

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा लहानसा कारखाना आहे, राहायला जुळे सोलापूर. आम्ही आठ दोस्त, सगळे पस्तिशी-चाळिशीतले. दिवाळीत पुण्याजवळ एका ठिकाणी पेंटबॉल खेळून आलो आणि तेव्हापासून ग्रुपवर दुसरा विषय नाही. आता स्वतःचे मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका, घ्यायचं ठरलंय. मोहोळ तालुक्यात माझ्या मामाचं पडीक रान आहे. बाभळी, दगडी ताली, मधून एक कोरडा ओढा. जागा एकदम झकास.

भांडण असं आहे की सहा जणांना सेमी-ऑटोमॅटिक पाहिजे, नुसता घोडा दाबत राहायचा ती, आणि मी आणि माझा साडू पंप म्हणतोय, प्रत्येक गोळीला हाताने मूठ ओढायची तो. आम्हाला सगळे हसतात. एकजण म्हणाला, "पंप म्हणजे हातमाग आहे बे, आता कोण चालवतंय?" माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो, तो मे महिन्यात येणार आहे. म्हणाला, काय पाहिजे ते सांग, बॅगेतून आणतो. तर त्याला काय सांगू? गॅस इथे मिळेल का? आणि माझा मुलगा सहावीत आहे, तोही हट्ट धरून बसलाय. त्याचं काय करू?

एक टॉवेलवाला, जुळे सोलापूर

नमस्कार भाऊ,

पंप घ्या. आठही जणांनी पंप घ्या आणि जमलं तर सगळ्यांनी एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालेल.

उत्तर एवढंच आहे, पण तुम्हाला सहा जणांची तोंडं बंद करायची आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. मी सोलापूरचीच, पण पेंटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून उभी राहिले ती पुण्याकडे. पंचाचं काम म्हणजे दिवसभर "मास्क काढू नका" असं ओरडत फिरणं, बाकी काही नाही. तिथे भाड्याने सेमीच देतात, हे तुमच्या मित्रांनीही पाहिलं असणार. त्याला कारण आहे, त्याकडे नंतर येते.

तुमच्या मित्राची हातमागाची उपमा मला आवडली. फक्त ती त्याने उलटी लावली. यंत्रमाग परवडतो कारण तेवढ्याच वेळात जास्त माल निघतो आणि माल विकला जातो. पेंटबॉलमध्ये निघालेला माल म्हणजे उडवलेली गोळी, आणि ती तुम्हाला कुणी परत विकत घेणार नाही. जितकी गती तितका खर्च. टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला हे जास्त फोडून सांगायला नको.

आता आतलं यंत्र बघू. दोन्ही मार्करच्या पोटात जवळपास सारखंच सामान असतं. एक हातोडी, तिला ढकलणारी स्प्रिंग, एक व्हॉल्व्ह आणि गोळीला नळीत बसवणारा बोल्ट. पंपमध्ये तुम्ही नळीखालची मूठ मागे ओढता. हातोडी मागे जाऊन अडकते, बोल्ट उघडतो, वरून एक गोळी खाली पडते. मूठ पुढे ढकलली की बोल्ट त्या गोळीला नळीत सारतो. घोडा दाबला की हातोडी सुटून व्हॉल्व्हवर आदळते, मोजका गॅस सुटतो आणि गोळी जाते. मग पुन्हा मूठ मागे, पुन्हा पुढे. साध्या मेकॅनिकल सेमीत सुटलेला गॅस दोन वाटांनी जातो. काही गोळीमागे, आणि काही मागच्या बाजूला, हातोडीला परत अडकवून ठेवायला. म्हणजे तुमच्या डाव्या हाताचं काम गॅस करतो. तुम्ही फक्त घोडा दाबत राहायचं. एकदा दाबलं की एक गोळी, आणि बोट चपळ असेल तर सेकंदाला पाच-सहा.

यातून एक गोष्ट निघते, जी तुमच्या ग्रुपवर बहुतेक कुणी बोललेलं नसणार. सेमीची गोळी पंपच्या गोळीपेक्षा लांब जात नाही आणि जोरात लागतही नाही. गोळी तीच, .६८ इंच म्हणजे १७ मिलिमीटरच्या आसपास व्यासाची, वजनाला साधारण ३ ग्रॅम. वेगही तोच ठेवायचा असतो. उघड्या मैदानांवर मर्यादा बहुतेक ठिकाणी सेकंदाला २८० ते ३०० फूट असते. २८० फूट म्हणजे ताशी सुमारे ३०० किलोमीटर. पंप असो की सेमी, क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा बघून स्क्रू फिरवून दोन्ही तिथेच आणतात. सेमीवाल्याकडे जास्त असतात त्या गोळ्या. जास्त ताकद नसते.

आणि साडूंना सांगा, पंपचा नेम मुळात चांगला असतो हेही खरं नाही. नेम ठरतो तो गोळी नळीत किती नेमकी बसते यावर. तपासायची रीत सोपी आहे. नळी मार्करवरून काढून हातात घ्या, मागच्या तोंडात एक गोळी ठेवा. ती आपोआप घरंगळून पुढे बाहेर पडली तर नळी मोठी. फुंकर मारूनही हलली नाही तर नळी लहान. जागेवर थांबली आणि एका फुंकरीत सुळकन बाहेर गेली की जोडी जमली. पंपवाल्याचा नेम चांगला दिसतो, कारण दुसरी गोळी लगेच येणार नाही हे माहीत असल्यामुळे तो थांबून, बघून, मग मारतो. सेमीवाला पहिली गोळी कुठे गेली ते दुसऱ्या गोळीने दुरुस्त करतो, दुसरी तिसरीने. दोन्ही खेळच आहेत. पण बाभळीच्या आणि ओढ्याच्या रानात, चार विरुद्ध चार, मला पहिला खेळ जास्त रंगलेला दिसला आहे.

हिशेब करा. नेहमीच्या हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यात, २०० गोळ्या मावतात आणि खोक्यात २,०००. सेमी हातात असलेला नवखा माणूस एका सकाळीत ४००-५०० गोळ्या सहज उडवतो. आठ जणांच्या झाल्या जवळपास चार हजार, म्हणजे दोन खोकी, एका रविवारी. पंपवर तोच माणूस शंभर-सव्वाशेत दमतो. अर्ध्या खोक्यात आठ जणांची सकाळ निघते. मार्करची किंमत एकदाच जाते, गोळ्यांची दर रविवारी. नवी पेठेत गोळ्या मिळत नाहीत, त्या बाहेरून मागवायच्या. आणि मागवून ठेवायच्या म्हटलं की आपल्या गावाचं हवामान आडवं येतं.

गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखं. आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंग, पाण्याने धुऊन जाणारा. जिलेटिनला ऊन सोसत नाही आणि दमटपणाही सोसत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये खोकं ठेवलंत तर आठवड्यात गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटतील, एका बाजूने चपट्या होतील. पावसाळ्यात उघडी पिशवी राहिली की फुगतील आणि नळीत अडकतील. घरात सावलीच्या, थंड खोलीत, पिशवी घट्ट बांधून ठेवा आणि अधूनमधून खोकं उलटं-पालटं करा. जेवढ्या लागतील तेवढ्याच मागवा. पंप असला की हे शक्य होतं. सेमी असली की साठा करावाच लागतो. जाता जाता एक सांगून ठेवते, जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. तुमच्या आठांत कुणाच्या घरी हे चालत नसेल तर आधीच सांगा. गोळी फुटून तोंडावर उडते तेव्हा थोडी चव लागतेच.

गॅसबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, पण खरी मेख तिथेच आहे.

मार्कर दोन गोष्टींवर चालतात, कार्बन डायऑक्साइड किंवा दाबलेली हवा. दाबलेली हवा उत्तम, कारण ती तापमानाने फारशी बिघडत नाही. पण तिचे सिलिंडर ३,००० किंवा ४,५०० पीएसआयचे (पीएसआय हे दाबाचं माप) असतात. सात रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं ते काम नव्हे. त्याला खास कॉम्प्रेसर लागतो, आणि तो स्वतः आणण्याइतका तुमचा खेळ अजून वाढलेला नाही.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. २१ अंशाला त्याचा दाब साधारण ८५० पीएसआय. ३१ अंशाला हजाराच्या वर जातो, आणि त्याच्या पुढे द्रव आणि वाफ हा फरकच उरत नाही. सिलिंडर किती भरलाय त्यावर दाब झपाट्याने चढत जातो. आता आपल्या गावात ३१ अंश म्हणजे फेब्रुवारीतली दुपार! मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना काळा सिलिंडर उन्हात दगडावर ठेवलात, तर सकाळी २८० दाखवणारा मार्कर दुपारी ३०० च्या वर मारेल. आणि सिलिंडर जास्त भरलेला असेल तर व्हॉल्व्हवरची सुरक्षेची चकती फाटून सगळा गॅस फुत्कारत बाहेर पडेल. चकती तेवढ्यासाठीच असते, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगण्यात अर्थ नसतो. सेमीचं दुसरं दुखणं असं की भराभर मारलं की गॅस उकळून थंड होतो, दाब पडतो, आणि कधी कधी द्रवच मार्करमध्ये शिरतो. मग वेग कधी २३०, कधी २९०. पंपमध्ये दोन गोळ्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ असतो, सिलिंडरलाही.

भरून कुठे घेणार? कार्बन डायऑक्साइडची अग्निशामक नळकांडी भरून देणाऱ्यांकडे हा गॅस असतो आणि तो तराजूवर वजन करूनच भरायचा असतो. अंदाजे भरणाऱ्याच्या दारातून परत फिरा. पण कुठलाही सिलिंडर कुणीही भरावा असं नाही. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे सिलिंडरला पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता लागते. या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. आतेभावाने अमेरिकेतून आणलेल्या सिलिंडरवर तिथल्या खात्याचा शिक्का असेल, इथला नसेल. तो भरून द्यायला जो लगेच तयार होईल, त्याच्याकडे तर अजिबात जाऊ नका.

म्हणून तुमच्यासाठी वाट आहे ती १२ ग्रॅमच्या कुपीची. बोटाएवढी, एकदाच वापरायची, कार्बन डायऑक्साइडची पोलादी कुपी. एअर पिस्तुलवाले हीच वापरतात, त्यामुळे ती देशात मिळते. सोड्याच्या बाटलीची कुपी ८ ग्रॅमची असते, ती बसत नाही. सायकलवाल्यांच्या काही कुप्यांना तोंडाशी आटे असतात, त्याही नकोत. चांगल्या पंपमध्ये एका कुपीत २० ते ३० गोळ्या निघतात, म्हणजे एक डाव आरामात. सेमीला कुपी लावली तर एक चकमकसुद्धा धड पुरत नाही, कारण प्रत्येक गोळीमागे हातोडी परत ढकलायचाही गॅस त्याच कुपीतून जातो. सोलापुरात बसून सेमी खेळायची म्हणजे सिलिंडर आलाच, सिलिंडर आला की त्याची मान्यता आणि भरणं आलं. पंपने ही सगळी कटकट खिशात मावते. तुमच्या सहा जणांना हा एक मुद्दा ऐकवा, बाकीचे नाही ऐकवले तरी चालतील.

कुपी अर्धी असताना उघडू नका. दोन-चार वेळा हवेत मारून रिकामी करा, मग काढा. सुटणारा गॅस इतका गार असतो की बोटाची कातडी भाजल्यासारखी होते. कुप्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हे सोलापूरकराला सांगायला लागू नये, पण सांगते.

आता पुण्याकडे सेमी का देतात ते. भाड्याच्या मैदानावर येणारा माणूस तासाभरासाठी येतो, त्याला शिकवायला वेळ नसतो. पंप अर्धवट ओढला की गोळी अर्धीच खाली पडते आणि बोल्ट तिला कापतो. नळीत रंगाचा चिखल होतो आणि पंचाला पळत जावं लागतं. सेमीत नवख्याने फक्त घोडा दाबायचा. शिवाय मैदानवाल्याची कमाई गोळ्यांवर असते. जितक्या उडतील तितकं त्याचं बरं. त्यात वावगं काही नाही, पण त्याचा फायदा तो तुमचा तोटा. टिपमन ९८ सारखी सेमी तिथे वर्षानुवर्षं मार खात टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त ती उघडायची तर अंगाच्या दोन फाका वेगळ्या होतात आणि आतल्या स्प्रिंगा, पिना, चिमुकली गोटी, सगळं मांडीवर येतं. पहिल्यांदा उघडाल तेव्हा खाली पांढरा टॉवेल अंथरा. तुमच्याकडे कमी नाहीत.

उद्या तुम्ही हुरड्याच्या हंगामात मामांच्या रानात पैसे घेऊन लोकांना खेळवायचं ठरवलंत, किंवा कुणाचा खांदा दुखतो म्हणून पंप ओढवत नाही, तर सेमी घ्या, मी आडवी येणार नाही. मात्र सहा सेमी आणि दोन पंप असा घोळ करू नका. पंपवाला दगडी तालीमागे डोकं खाली घालून बसेल, वरून रंगाचा पाऊस पडेल आणि दुसऱ्या रविवारी तुमचा साडू येणार नाही. मित्रांनी अगदीच ऐकलं नाही तर एक तडजोड आहे. सगळे सेमी घ्या, पण डावाला माणशी ५० गोळ्या, मोजून, त्याच्यावर एकही नाही. गोळ्या मोजल्या की सेमीवालाही पंपवाल्यासारखाच विचार करायला लागतो. गॅसचा प्रश्न तेवढा तसाच राहील.

पंपला म्हातारा म्हणणाऱ्याला एक गोष्ट सांगा. हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला तो २७ जून १९८१ ला, अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात. खेळाडू बारा, प्रत्येकाच्या हातात नेल-स्पॉट ००७ नावाची पिस्तुलं. ती मुळात झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला बनवलेली. प्रत्येक गोळीला हाताने खेचायची, आणि पुढची गोळी घरंगळत यावी म्हणून पिस्तूल तिरकं करायचं. सगळे झेंडे गोळा करेल तो विजेता. जिंकला रिची व्हाइट नावाचा एक जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने एकही गोळी झाडली नव्हती. सेमी आल्या त्या पुढे, १९९० च्या आसपास. पंप तरीही गेले नाहीत. फँटम, एम्पायर स्नायपर, अझोडिनचे पंप आजही लोक हौसेने वापरतात. कुपीवर चालवायचा तर यातला फँटम मला सगळ्यात बरा वाटतो. साधा, हलका, गॅसला काटकसरी. घेताना कुपीचा अडॅप्टर सोबत आहे ना आणि ओ-रिंगचा, म्हणजे गॅस अडवणाऱ्या रबरी कड्यांचा, जादा संच मिळतोय ना, एवढं बघा. आणि मार्कर कारखान्यात ठेवू नका. मागाच्या शेडमध्ये उडणारी रुई तेलाला चिकटते, ओ-रिंगखाली जाऊन बसते आणि गॅस गळायला लागतो.

आतेभावाला मात्र आजच फोन करा आणि सांगा, बॅगेत काही टाकू नको. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ आहेत. हवेच्या बंदुकांच्या बाबतीत त्यात ऊर्जेचा आणि नळीच्या व्यासाचा, दोन्हींचा विचार आहे. छऱ्याच्या बंदुकीची नळी साडेचार मिलिमीटरची, पेंटबॉलची १७ ची. विमानतळावर कस्टमवाल्याच्या टेबलावर हा वाद घालण्यात शहाणपण नाही. तुम्ही शहरात राहता, तेव्हा पोलीस आयुक्तालयातल्या शस्त्र परवाना शाखेत मॉडेलचं नाव, नळीचा व्यास, वेग, गोळीचं वजन लिहून अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. "चालतंय की, न्या" हे तोंडी उत्तर पुढे कुणी ओळखत नाही. त्यानंतर मैदानांना साहित्य पुरवणाऱ्या देशातल्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या. भरलेल्या कुप्या किंवा सिलिंडर तर विमानात चालतच नाहीत.

या सगळ्याच्या आधी पैसे घाला ते मास्कमध्ये. एएसटीएम एफ १७७६ हे मानक छापलेला पेंटबॉलचाच मास्क, डोळे, तोंड आणि कान झाकणारा. हेल्मेटची काच, वेल्डिंगचा चष्मा, पोहण्याचा गॉगल, यातलं काहीही चालत नाही. तीन ग्रॅमची गोळी त्या वेगाने डोळ्यात गेली तर डोळा जातो, पंप असो की सेमी. डाव चालू असताना घामाने काच धुकटली तरी मास्क वर करायचा नाही. हात वर करून बाहेर यायचं, मार्करच्या नळीवर कापडी टोपी चढवायची, सगळ्यांच्या चढल्या की मग मास्क काढायचा.

जागेबद्दल दोन गोष्टी. गावच्या पोलीस पाटलांना आधी भेटा आणि ठाण्यातही कळवून ठेवा. तोंडं झाकलेले आठ बाप्ये हातात बंदुका घेऊन ओढ्यातून पळताहेत हे एखाद्या मेंढपाळाने पाहिलं तर तो "काय करलालाव बे" असं विचारायला थांबणार नाही, थेट फोन लावेल. आणि माळढोक अभयारण्याची हद्द नान्नजपुरतीच नाही. मामांच्या जमिनीचा गट नंबर घेऊन वन विभागात एकदा खात्री करा. खेळून झाल्यावर न फुटलेल्या गोळ्या वेचा. वस्तीवरच्या कुत्र्याने मूठभर गोळ्या खाल्ल्या तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. इथेही पंपचा फायदा आहे, वेचायच्या गोळ्या कमी! पडलेली गोळी पुन्हा मार्करमध्ये घालायचा मोह टाळा, तिला लागलेली वाळू नळी खरवडते.

खेळ मे महिन्यात सुरू करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते दहा. तोपर्यंत अर्जाचं उत्तरही आलेलं असेल.

राहता राहिला मुलगा. सहावीतल्या पोराला मोठ्यांच्या .६८ च्या खेळात घेऊ नका, तुम्ही किती जपून मारणार असाल तरी. मुलांसाठी .५० इंचाच्या लहान गोळीचे, नुसत्या स्प्रिंगवर चालणारे मार्कर असतात. त्यांना गॅस लागत नाही, मारही हलका लागतो, आणि तेही हाताने खेचायचेच असतात. मास्क मात्र मोठ्यांच्याच मानकाचा, फक्त मापाने लहान. परवान्याच्या अर्जात त्याही मॉडेलबद्दल विचारून टाका. त्याच्या बरोबरीची तीन-चार पोरं जमली तर त्यांचा वेगळा डाव लावा. तोवर त्याला मास्क घालून क्रोनोग्राफपाशी बसवा आणि वही-पेन द्या. आकडा २८० च्या वर दिसला तर बापालाही आत सोडायचं नाही, असं सांगून ठेवा. पोरं हे काम फार कडक करतात.

तुमची ताई